बहात्तर तासांची गोळी: चिठ्ठी लागावी की नको?

मुळामुठा

आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर परवा एकीनं बातमी टाकली, "आय-पिल आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही." बातमी २०२४ सालची. तेव्हा आपत्कालीन गर्भनिरोधक गोळ्यांची खुली विक्री थांबवायचा विचार चालू असल्याचं छापून आलं होतं आणि थोड्याच दिवसांत सरकारकडून खुलासाही झाला की विक्रीच्या नियमात काही बदल केलेला नाही. पण फॉरवर्डला तारीख कुठे असते! तासाभरात ग्रुपमध्ये दोन तट पडले. "बरं झालं, पोरी चॉकलेटसारख्या खातात" असं म्हणणाऱ्या एकीकडे, आणि मनातून न पटूनही गप्प बसलेल्या दुसरीकडे. गप्प बसलेल्यांपैकी तिघींनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, "खरंच बंद झाली का गं?" तिघीही विवाहित, चाळिशीच्या आतबाहेर.

माहीत आहे तेवढं मांडते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनची ही गोळी आपल्याकडे २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. २००७ मध्ये सिप्लानं आय-पिल आणली आणि टीव्हीवरच्या जाहिरातींनी ती घराघरात पोचली. पुढे तो ब्रँड पिरामलकडे गेला. मॅनकाइंडची अनवॉन्टेड-७२ आहेच. किंमत शंभराच्या आसपास. संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी.

माझं मत: चिठ्ठी नको. पण निव्वळ मतं ग्रुपवर पोटभर ऐकून झालीत. काउंटरच्या अलीकडून किंवा पलीकडून हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहावं, म्हणून हा धागा.

कोकणी_आप्पा

धागा काढलात ते चांगलं केलंत, पण माझा कौल उलटा. हार्मोनचा एवढा मोठा डोस, आणि तो कुणीही यावं, घेऊन जावं? सर्दीच्या गोळीलासुद्धा आमचा डॉक्टर आधी रक्तदाब बघतो. आणि त्या जाहिराती आठवतात का? रात्री चूक, सकाळी गोळी, संपली काळजी! आमच्या पिढीला निरोधचा लाल त्रिकोण दाखवतानासुद्धा लाज वाटायची. निदान त्यात जबाबदारी घ्या असं तरी सांगितलेलं असायचं.

संत्राबर्फी

आप्पा, सर्दीच्या गोळीला रक्तदाब बघणारा डॉक्टर कुठला? पत्ता द्या, नागपूरहून येते.

आडवा_छेद

आधी कायद्याबद्दल थोडं, कारण 'बंदी येणार' आणि 'बंदी उठली' या दोन्ही बातम्या एकाच गोंधळातून जन्मतात.

औषध नियमावलीत 'परिशिष्ट एच' म्हणजे चिठ्ठीवरच विकायची औषधं आणि 'परिशिष्ट के' म्हणजे ज्यांना सवलती दिल्या आहेत ती. गर्भनिरोधकांत गंमत अशी की काही नावं दोन्हीकडे आहेत. सेंटक्रोमान घ्या. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली, 'सहेली' आणि सरकारी 'छाया' या नावांनी मिळणारी आठवड्याची गोळी. ती एचमध्येही आहे आणि ठरावीक मात्रेपुरती केमध्येही. मग एक अधिकारी म्हणतो चिठ्ठी लागते, दुसरा म्हणतो लागत नाही, आणि दोघांच्याही हातात तेच पुस्तक.

आप्पांच्या जाहिरातीच्या मुद्द्यावर: १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा पाहा. कलम ३ मध्ये पहिलंच पोटकलम स्त्रियांचा गर्भपात घडवणाऱ्या किंवा गर्भधारणा रोखणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई करणारं आहे. सरकार त्यातून सूट देऊ शकतं आणि देतंही. २०१० च्या सुमारास आय-पिलच्या जाहिराती सरकारनं आवरायला लावल्या होत्या. तेव्हा जाहिरात खटकत असेल तर ती रोखायला वेगळा कायदा आहे, त्यासाठी गोळीवर चिठ्ठी कशाला?

गोळीवाला

काउंटरच्या पलीकडून लिहितो. तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, वडिलांच्या काळापासून. गाव सांगत नाही, गिऱ्हाईक ओळखतील.

पहिली गोष्ट, ही गोळी न्यायला बहुतेक वेळा पुरुष येतो. रात्री साडेआठ-नऊनंतर, दुकानातली गर्दी ओसरली की. आधी क्रोसिन मागतो, मग बाम मागतो, मग मागच्या फळीकडे बोट करून "ती एक द्या". नाव घेत नाही. मी 'अनवॉन्टेड का आय-पिल' असं मोठ्यानं विचारलं तर तसाच निघून जाईल, म्हणून दोन्ही काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि खाकी पाकिटात घालूनच वर काढतो. बिल कुणी मागत नाही. बाई आलीच तर स्कार्फ बांधलेली, गाडी चालू ठेवून, आणि शक्यतो आमच्या गावची नसलेली. आमच्या गावची पोरगी शेजारच्या गावी जात असणार.

आता यांच्याकडे मी चिठ्ठी मागायची? ज्यानं बामच्या आडून गोळी मागितली तो डॉक्टरसमोर बसून कधी सांगणार?

दुसरी गोष्ट जरा लांबण लावून सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. चिठ्ठी लागते असं कायद्यात लिहिलं की काय होतं ते आम्ही पाहिलंय. ॲन्टिबायोटिकला चिठ्ठी लागते, तरी अख्खा महाराष्ट्र चिठ्ठीशिवाय नेतो. तेव्हा आप्पांसारख्यांना वाटेल की नियम झाला तरी फारसं काही बिघडणार नाही. पण गर्भपाताच्या गोळ्यांच्या किटचं काय झालं? २०१२ मध्ये परळीचं प्रकरण बाहेर आलं, स्त्रीभ्रूणहत्येवरून राज्य पेटलं, ते पेटायलाच हवं होतं. पण त्याचा दणका मेडिकलवर आला. एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, तपासण्या सुरू झाल्या. किट कुणाला विकलं, कुणाच्या चिठ्ठीवर, बिल दाखवा, चिठ्ठीची प्रत दाखवा, स्टॉक जुळवा. ते किट नऊ आठवड्यांच्या आतलं. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसायला त्यापुढे कित्येक दिवस जावे लागतात. म्हणजे लिंग बघून गर्भ पाडणाऱ्याला त्या किटचा उपयोगच नाही. हे आम्ही ओरडून सांगितलं. ऐकतो कोण? शेवटी दुकानदारानं हिशेब केला: महिन्याला दोन-चार किटचा नफा किती, आणि लायसन गेलं तर नुकसान किती? किट ठेवणंच बंद. त्यानंतर खरी, कायदेशीर, एमटीपी केंद्राच्या (मान्यताप्राप्त गर्भपात केंद्राच्या) डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईलाही मी "नाही हो ताई" म्हणूनच परत पाठवलंय.

या गोळीला चिठ्ठी लावा, हीच गत होईल. बंदी कुणी घालणार नाही, दुकानदार मागवायचंच थांबवेल. तमिळनाडूत बघा. कायद्यानं तिथे बंदी नाही, तरी वर्षानुवर्षं बहुतेक मेडिकलमध्ये ही गोळी मिळत नाही, असं तिकडची वर्तमानपत्रं सारखी छापतात. माझा भाचा चेन्नईला नोकरीला आहे. त्याची बायको पुण्याहून निघताना बॅगेत पाकीट टाकून नेते.

रेडकू

+१. 'बामच्या आडून' वाचून हसलो आणि मग गप्प झालो, कारण मी व्हिक्स घेतलं होतं.

कोकणी_आप्पा

गोळीवाले, अनुभव पटला. पण मग उलट विचारतो. तुमच्या काउंटरवर फार्मासिस्ट म्हणून कोण उभा असतो? आमच्याकडे भिंतीवर एका बाईंचं सर्टिफिकेट टांगलंय, त्या बाई आम्ही जन्मात पाहिलेल्या नाहीत. गल्ल्यावर बारावी नापास पोरगा. तुम्ही सगळे म्हणता चिठ्ठी नको, म्हणजे सल्ला फार्मासिस्टनंच द्यायचा. देणार कोण, तो पोरगा?

मुळामुठा

हा मुद्दा बिनतोड आहे आप्पा. डॉक्टर कुणी आहेत का इथे?

प्रसूतिका

आहे. कोल्हापूर भागात पंधरा-वीस वर्षं प्रॅक्टिस करते.

आधी गोळी काय करते ते. स्त्रीबीज अंडाशयातून सुटणं ती लांबवते. शुक्राणू काही दिवस जिवंत राहतात, तेवढा काळ बीज बाहेर आलं नाही तर गर्भ राहत नाही. बीज आधीच सुटलं असेल तर गोळीचा फारसा उपयोग नाही. म्हणून तर तासांचं महत्त्व. राहिलेला गर्भ या गोळीनं पडत नाही, त्याला अपायही होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या गोळीच्या माहितीपत्रकात ही गोष्ट स्पष्ट केली. आपल्याकडे मात्र ही गोळी आणि गर्भपाताचं किट यांची इतकी सरमिसळ आहे की पाळी चुकून दहा दिवस झाल्यावर ही गोळी घेऊन मग माझ्याकडे आलेल्या बायका मी पाहते. पर्समधून रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवतात, "मॅडम, घेतली, तरी आली नाही." त्यांचे शंभर रुपये वाया गेले, एवढंच असतं तर ठीक. महत्त्वाचे आठवडेही गेलेले असतात.

आप्पा, डोसच्या काळजीबद्दल: दीड मिलिग्रॅमची एक गोळी, एकदा. मळमळ होईल, डोकं दुखेल, पुढची पाळी थोडी पुढेमागे होईल. गोळी घेऊन दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळीला आठवड्याहून जास्त उशीर झाला तर लघवीची तपासणी करायची. मूल होण्याची क्षमता जात नाही. 'वांझ होशील' हे मी चांगल्या शिकलेल्या सासवांच्या तोंडून ऐकलंय.

मग माझी तक्रार काय? एका महिन्यात तीन-तीन वेळा घेतात. त्यानं जिवाला धोका नाही, पण पाळीचं वेळापत्रक असं विस्कटतं की रक्तस्राव कुठला आणि पाळी कुठली ते तिलाही कळत नाही. आणि वरचेवर घ्यायची तर रोजच्या गोळीपेक्षा ही कमी भरवशाची. तिला दुसरं काहीतरी नियमित हवं असतं, ते सांगायला कुणी भेटत नाही.

चिठ्ठीला माझा विरोधच आहे. शनिवारी रात्री निरोध फाटला, रविवारी माझा दवाखाना बंद, सोमवारी सकाळी चाळीस नंबर. झाले की चाळीसेक तास. पण गोळीवाल्यांनी पाकीट खाकी पिशवीत सारून गप्प बसावं हेही मला मान्य नाही. किती तास झाले, आधीची पाळी कधी आली, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, एवढं विचारायला अर्धा मिनिट पुरतं.

गोळीवाला

मॅडम, विचारलं असतं. पण घ्यायला नवरा आलाय. त्याला बायकोची पाळी कधी आली ते माहीत नसतं, आणि मी विचारलं म्हणून तो उद्या दुसऱ्या मेडिकलला जातो.

प्रसूतिका

मग पाकिटात मराठी कागद टाका. आतलं पत्रक भिंगातूनही वाचता येत नाही, आणि ते असतं इंग्रजीत.

संत्राबर्फी

विद्यार्थिनींच्या बाजूनं लिहू का? होस्टेलवर राहते.

डॉक्टरकडे जायला काय झालं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा रिसेप्शनवर उभं राहावं. नाव, वय, मग "मिस की मिसेस?" तेही भरल्या वेटिंग रूममध्ये. माझ्या मैत्रिणीला पाळीच्या साध्या दुखण्यासाठी गेल्यावर आतल्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याकडे बघून विचारलं, "लग्न झालंय का? नाही ना, मग हा प्रश्न मी विचारत नाही." विचारायला हवा होता खरं तर! आम्ही आता जाताना खोटं मंगळसूत्र एकमेकींना उसनं देतो. हसू नका, खरंच एक आहे, ड्रॉवरमध्ये असतं.

आणि अठराच्या आतली मुलगी असेल तर? पॉक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, डॉक्टरला पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताच्या संदर्भात सांगितलं की अल्पवयीन मुलीची इच्छा असेल तर तिचं नाव पोलिसांना न देता डॉक्टर कळवू शकतात. छान निकाल आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीनं तो वाचलेला असतो का? तिला एवढंच माहीत असतं की डॉक्टरकडे गेलं तर पोलीस येतात. चिठ्ठीची सक्ती केली तर ती डॉक्टरकडे जाणार नाही, यूट्यूबवरचे पपई-तिळाचे उपाय करत बसेल.

कोकणी_आप्पा

सतरा वर्षांच्या मुलीवर कुणी जबरदस्ती केली असेल तर ती गोष्ट बाहेर यायलाच हवी की नको? गोळी गुपचूप मिळाली तर करणारा मोकळा फिरतो. याचं उत्तर कुणी देत नाही.

प्रसूतिका

आप्पा, प्रश्न रास्त आहे. पण जबरदस्ती झालेल्या मुलीला तासांच्या आत गोळी देणं हाही तिच्या उपचाराचाच भाग आहे, सरकारी रुग्णालयात तो दिलाच पाहिजे. तक्रार महिन्याभरानंही करता येते, गोळी महिन्याभरानं घेऊन उपयोग नाही. आणि मूल वाढवायला लागलं म्हणून करणारा सापडतो असंही नाही.

इसारकाठी

म्युनिकहून. इथेही हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि मार्च २०१५ मध्ये चिठ्ठीची अट गेली. आता अपोथेकमध्ये, म्हणजे इथल्या औषधाच्या दुकानात, फार्मासिस्ट बाजूला घेऊन चार प्रश्न विचारते. विचारणारी खरी फार्मासिस्ट असते, आप्पा! एक गोष्ट मला आवडली: २२ वर्षांखालच्या मुलीनं डॉक्टरची चिठ्ठी आणली तर पैसे विमा भरतो. म्हणजे चिठ्ठी आहे, पण ती अडवायला नाही, फुकट मिळावी म्हणून. उलट शेजारच्या पोलंडनं २०१५ मध्ये खुली केलेली याच कामाची दुसरी एक गोळी २०१७ मध्ये पुन्हा चिठ्ठीवर नेली. तेव्हा हे वारं एकाच दिशेला वाहतं असं समजू नका.

जुनी_रद्दी

अवांतर: याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि अश्लीलतेच्या खटल्यांत कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे रोहमांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रश्न आणला, तो फेटाळला गेला. तेव्हाचा मुख्य आक्षेप काय होता? साधनं मिळाली की स्वैराचार वाढेल. इथले वरचे प्रतिसाद वाचताना अंक जुना की नवा ते कळेना.

आडवा_छेद

रद्दीराव, तुलना ओढलेली आहे. आप्पा स्वैराचारावर थांबलेले नाहीत, त्यांचा सर्टिफिकेटचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

उंबरठा

वाचत होते, आता लिहिते. आशाताईंची गटप्रवर्तक आहे, मराठवाड्यात.

तुमची सगळी चर्चा मेडिकलभोवती फिरते. आमच्या वाडीला मेडिकलच नाही. २०११ पासून आशाताईंनी घरपोच साधनं द्यायची योजना आहे: निरोध, रोजची गोळी माला-एन आणि ही तातडीची गोळी, सरकारी पाकिटात 'ईझी पिल' नावानं. पाकिटाचे दोन रुपये घ्यायचे. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. आठवी-दहावी झालेली आशाताई देते आणि व्यवस्थित देते. कुणाकडे ती भाकरी थापत असताना, कुणाकडे बोअरवर धुणं धुताना. "सासूला सांगू नको" एवढंच समोरची बोलते. आशाताईला त्या घराची पाळी, बाळंतपण, नवरा कधी गावी आला, सगळं ठाऊक असतं. मॅडमनी वर सांगितलेले तिन्ही प्रश्न तिला विचारावेच लागत नाहीत. आमच्या आशाला जर विश्वासानं देता येते तर शहरातल्या दुकानात चिठ्ठी कशाला, हे मला कळत नाही.

अडचण वेगळीच आहे. पाकिटं येतात तेव्हा येतात. माझ्या भागात कित्येक महिने रिकामे गेलेत. आणि दिवाळीच्या आगेमागे आमची निम्मी गावं ऊसतोडीला जातात. तिकडे कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, हिची आशाताई नसते, तिकडची आशाताई हिला आपली मानत नाही. जोडीनं कोयत्यावर, कोपीला दार नाही, दिवस गेले तर आगाऊ घेतलेली उचल फिटणार नाही. त्या बाईला मेडिकल गाठायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा, वर मुकादमाला कारण सांगायचं. तिच्यासाठी दुकानात चिठ्ठी मागा नाहीतर नका मागू, शंभर रुपये तर तिच्याकडे नाहीतच.

यावर पक्का उपाय म्हणून आमच्याकडे अजून एकच सांगितला जातो: ऑपरेशन. तेही बाईचंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली दिसते, निरोध वापरणारे ९.५ टक्के. दोन लेकरं झाली की टाका घाला. मधल्या काळात बाईनं काय करायचं, त्याचं बोलणंच होत नाही.

मुळामुठा

उंबरठाताई, हे आमच्या ग्रुपवर डकवू का? तुमचं नाव न देता.

उंबरठा

डकवा. कोपीचं नक्की ठेवा.

गोळीवाला

आप्पांच्या सर्टिफिकेटबद्दल टाळत होतो असं नाही. भाड्याचं लायसन चालतं, हे या धंद्यातला कुणी नाकारणार नाही. माझ्याकडे मी स्वतः डी. फार्म. आहे, पण जेवायला घरी गेलो की पोरगाच असतो. पण आप्पा, त्या पोराच्या हातात चिठ्ठी दिली म्हणून तो फार्मासिस्ट होतो का? तो फक्त चिठ्ठी बघतो आणि पाकीट देतो. विचारणारा माणूस हवा असेल तर काउंटरची तपासणी करा, फार्मासिस्ट हजर आहे की नाही ते बघा. ते राहतं बाजूला, चिठ्ठीचं खूळ मात्र दर दोन वर्षांनी निघतं, कारण ते स्वस्तात पडतं.

कोकणी_आप्पा

तपासणी करा, माझा पूर्ण पाठिंबा. आणि तोवर निदान अठराखालच्यांना तरी चिठ्ठी असावी, या मतावर मी ठाम आहे. अमेरिकेतही वयाची अट होती ना?

इसारकाठी

होती. २००६ मध्ये अठरा आणि त्यावरच्यांना खुली केली, मग वयावरून कोर्टबाजी होऊन २०१३ मध्ये वयाची अट गेली. तोवर वय दाखवायला ओळखपत्र लागायचं, म्हणून गोळी काउंटरमागे ठेवलेली असायची आणि ओळखपत्र नसलेली पंचविशीची बाईसुद्धा परत जायची.

संत्राबर्फी

गोळीवाले काका आधार कार्ड मागतायत आणि समोरचा बाम ठेवून पळतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आलं.

वाटसरू_०७

नवीन आयडी आहे, फक्त यासाठी काढला. प्रसूतिका मॅडम, एक विचारायचं होतं. माझी बहीण टीबीच्या गोळ्या घेते, चौथा महिना चालू आहे. काल रात्रीचा प्रकार आहे. मेडिकलमधून आणलेली गोळी समोर ठेवलीय, अजून घेतली नाही. घेतली तर चालेल का?

प्रसूतिका

थांबा. टीबीच्या औषधांत रिफॅम्पिसिन असतं आणि त्यामुळे या गोळीचा परिणाम बराच कमी होतो. फिटच्या काही औषधांचंही असंच, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन. वजन जास्त असलं तरी परिणाम उणा पडतो. तिच्यासाठी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे तांबी, गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी. संबंधापासून पाच दिवसांच्या आत बसवली तर ती आपत्कालीन उपाय म्हणूनही चालते, या गोळीपेक्षा जास्त खात्रीनं, आणि टीबीच्या औषधांचा तिच्यावर परिणाम नाही. पुढे कित्येक वर्षं राहते, नको तेव्हा काढता येते. सरकारी रुग्णालयात फुकट बसवतात. आज सोमवार, ओपीडी चालू आहे. जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा, टीबीचं कार्ड सोबत न्या आणि खिडकीवरच सांगा की तातडीनं तांबी बसवायची आहे. आज काही कारणानं जमत नसेल तर गोळीचा डोस कसा घ्यायचा ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा, टीबीचं सांगून. टीबीच्या गोळ्या कुठल्याही परिस्थितीत बंद करू नका.

वाटसरू_०७

कार्ड आहे. खिडकीवर लग्नाचं विचारतील का?

प्रसूतिका

विचारतील. उत्तर द्यायची सक्ती नाही. लग्न न झालेल्या बाईलाही तांबी बसवतात. कुणी नाही म्हणालं तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा. तालुका कळवलात तर तिथल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन करून ठेवते. विरोप (खाजगी निरोप) केलाय, बघा.